वाकडं पातं, ओली बाभूळ: अनेर काठच्या मळ्यातलं एक प्रकरण

प्रकरण असं आहे. शिरपूर तालुक्यात अनेर नदीच्या काठी एक मळा. डिसेंबरची रात्र. भरीत पार्टीसाठी जमलेली पंधरा-वीस माणसं. दुपारी अवकाळी पावसाची जोरदार सर येऊन गेलेली, त्यामुळे उघड्यावर रचलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, चिंब भिजलेल्या. कुऱ्हाड होती, पण तिचा दांडा डोक्यापाशीच पिचलेला. धारेचं म्हणून हाताशी दोनच हत्यारं राहिली: मळ्यावरचा रोजच्या वापरातला कोयता आणि फौजेतून निवृत्त झालेल्या नानांनी सोबत आणलेली खुकरी. या दोन वाकड्या पात्यांनी लाकूड फोडायचं आणि आतला कोरडा भाग बाहेर काढून चूल पेटवायची, एवढंच काम होतं.

ते शेवटी झालं. पण तोवर एका पात्याच्या धारेचा टवका उडाला, एक मूठ खिळखिळी झाली आणि एका पोराचा गुडघा थोडक्यात वाचला. मी तिथे होतो. पुढचं बरंचसं काम माझ्या हातून झालं आणि सकाळी उजेडात दोन्ही हत्यारं मीच तपासली. फिटरचं काम शिकवणं हा माझा पेशा, त्यामुळे पाचर, घाव आणि पोलाद या गोष्टी माझ्या रोजच्या. सुरीनं किंवा कोयत्यानं लाकूड फोडण्याचा विषय निघाला की एक गट म्हणतो, यात काय मोठं, दुसरा म्हणतो, हत्याराची वाट लागते. या एका रात्रीत दोन्ही गोष्टी पाहायला मिळाल्या. कुठे काय बिघडलं आणि कशानं सुधारलं, ते नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

आधी हत्यारं

नानांची खुकरी नोकरीच्या काळात डेहराडूनकडे विकत घेतलेली. पातं ११ इंचांचं. पाठ मुठीजवळ ८-९ मिलिमीटर जाड आणि टोकाकडे पातळ होत गेलेली. खुकरी मूळची नेपाळची. तिथे ती शेतात, स्वयंपाकघरात, रानात सगळीकडे चालते. गोरखा पलटणींमुळे आपल्याकडे मात्र तिची ओळख लढाईचं हत्यार एवढीच राहिली. तिचं पातं मुठीच्या रेषेत निघतं आणि मध्यावर खाली झुकतं. धार मुठीजवळ किंचित आत गेलेली असते, पुढे ती पोटासारखी बाहेर येते आणि तिथेच पातं सर्वांत रुंद असतं. वजन सगळं पुढच्या अर्ध्यात. पाणी देण्याची, म्हणजे तापलेलं पोलाद पाण्यानं एकदम थंड करून कडक करण्याची, तिथली पारंपरिक रीतही लक्षात ठेवण्यासारखी आहे. तापवलेलं अख्खं पातं पाण्यात बुडवत नाहीत, किटलीच्या तोंडानं फक्त धारेवर पाणी ओततात. त्यानं धार कडक होते, पाठ त्या मानानं मऊ राहते आणि धक्का सोसते.

मुठीचे दोन प्रकार असतात. एकात पात्याचंच लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत जातं आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या नाहीतर शिंगाच्या पट्ट्या रिव्हेट मारून बसवलेल्या असतात. दुसऱ्यात पात्याची निमुळती शेपटी मुठीच्या भोकात खुपसून लाहा नावाच्या राळेसारख्या पदार्थानं चिकटवतात. नानांची खुकरी दुसऱ्या प्रकारची. बाजूला रिव्हेट दिसत नाहीत, यावरून ते कळतं. असं हत्यार तोडायला चांगलं असतं. पण पाठीवर दंडुका मारून लाकूड फोडायचं असेल तर ही मूठ त्याचा सर्वांत कच्चा भाग, हे आधीच धरून चालावं.

कोयत्याचं तसं नाही. तो आपल्याकडच्या लोहारानं ट्रकच्या कमानपाट्यातून, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीतून काढलेला. हे पोलाद चिवट असतं, त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त. पाठ जेमतेम ५ मिलिमीटर, धार वाकाच्या आतल्या अंगाला, टोकाला खाली वळलेली चोच. ऊस, केळीचे घड, बांधावरची बोराटी यांच्यासाठी याच्यापेक्षा चांगलं काही नाही. फोडायला मात्र पातळ पातं अडचणीचं ठरतं. ते लाकडात सहज शिरतं, पण शिरल्यावर फट रुंदावत नाही आणि दोन्ही बाजूंचं लाकूड त्याला घट्ट धरून बसतं. खुकरीची जाडी इथे उपयोगी पडते.

लाकूड

मळ्याच्या मागे तीन प्रकारचं लाकूड पडलं होतं. पावसाळ्याआधी तोडलेली बाभूळ: काही ओंडके पाच-सहा इंच जाड, काही फांद्या मनगटाएवढ्या. जुनं धाब्याचं घर पाडलं तेव्हाच्या सागाच्या कड्यांचे, म्हणजे छताच्या आडव्या लाकडांचे तुकडे, एका टोकानं कुजलेले, त्यामुळे सुतारानं नाकारलेले. आणि गोठ्याची मोडलेली अंजनाची मेढ, म्हणजे छत पेलणारा खांब.

अंजन आमच्या खान्देशच्या रानातलं खास झाड. त्याचं लाकूड पाण्यात बुडतं इतकं जड, म्हणून मेढी, गाडीचे तुंबे, शेतीची अवजारं यांच्यासाठी जुन्या लोकांचा त्यावर भरवसा. कोयत्यानं किंवा खुकरीनं अंजन फोडायला जाऊच नये. पण ती मेढ पुढे वेगळ्या कामाला आली.

पावसानं भिजलेलं लाकूड आणि मुळात ओलं लाकूड यांत मोठा फरक आहे. ताज्या तोडीच्या लाकडाच्या अंगातच पाणी असतं. ते फोडून उपयोग नाही, धूरच होतो. वाळलेलं लाकूड एका सरीनं भिजलं तर पाणी सालीखाली थोडं आणि कापलेल्या तोंडाकडून जरा जास्त, एवढंच जातं. गाभा कोरडा राहतो. ओळखायची पद्धत सोपी: दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे. वाळलेलं टणटण वाजतं, ओलं धप्प. वाळलेल्याच्या कापलेल्या तोंडावर मधून कडेकडे गेलेल्या भेगा दिसतात. आमची बाभूळ वाजत होती, तोंडावर भेगा होत्या. म्हणजे आत कोरडं लाकूड होतं, फक्त तिथवर पोचायचं होतं.

नुसता जाळच करायचा असता तर इतका खटाटोप लागला नसता. पण भरिताच्या वांग्याला जाड लाकडाची मंद धग चालत नाही. त्याला पऱ्हाट्या किंवा तुरीच्या काड्यांचा सळसळता जाळ लागतो. साल चटकन करपली पाहिजे आणि आतला गर वाफेत शिजला पाहिजे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे मोठं, हिरवं, पांढुरक्या रेषांचं वांगं कोळशावर ठेवलं तर बाहेरून वाळतं आणि आत कच्चं राहतं. तेव्हा बोटाएवढ्या जाडीच्या सरळ, कोरड्या काड्या, आणि त्याही ढीगभर हव्या होत्या. म्हणूनच फोडायचं. तोडून हे मिळत नाही.

पहिला अर्धा तास

आमच्यातल्या जिभाऊंच्या पुतण्यानं कोयता घेतला आणि बाभळीचा तुकडा गोठ्याच्या दगडी ओट्यावर उभा केला. डाव्या हातानं तो धरला आणि उजव्या हातानं वरून घाव घालायला लागला. तुकडा दर घावाला कलंडायचा. मग घाव बसला, पातं इंचभर आत गेलं आणि अडकलं. त्यानं लाकडासकट कोयता वर उचलला आणि ओट्यावर आपटला. हे सगळे करतात, आणि इथेच घात होतो. आपटताना तुकडा एका बाजूनं सुटला, कोयता तिरपा खाली आला, चोच ओट्यावरून घसरली आणि त्याच्या गुडघ्याच्या वीतभर बाजूनं गेली. नाना ओरडले, "ठेव तो खाली!" कोयता खाली ठेवला गेला. पाहिलं तर मधल्या भागात धारेचा गव्हाच्या दाण्याएवढा टवका उडालेला.

"वल्लं शे जिभाऊ, कसं पेटी?" पुतण्या म्हणाला. सगळ्याचं खापर त्यानं लाकूड ओलं असण्यावर फोडलं. खरं तर लाकडाचा दोष नव्हता. दगडाचा ओटा, हातात धरलेला तुकडा आणि उभ्यानं फिरवलेला घाव, या तिन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. उभ्यानं घाव घातला की पात्याचा फेरा संपतो तो आपल्याच नडगीवर. गुडघे टेकून बसलं, समोर लाकडाचा ओंडका ठेवला, तर चुकलेला घाव ओंडक्यात किंवा मातीत जातो.

मग नानांनी खुकरी काढली आणि दुसरी रीत धरली. बाहेर हिंडणारी पोरं हल्ली याला बॅटनिंग म्हणतात. घाव घालायचाच नाही. पातं तुकड्याच्या तोंडावर ठेवायचं आणि पाठीवर लाकडी दंडुका मारत ते खाली उतरवायचं. पातं हवेत फिरत नाही, त्यामुळे रीत मुळात सुरक्षित. घोडचूक झाली ती लाकूड निवडण्यात. नानांनी उचलला तो पाच इंचांचा ओंडका, बाजूला जुन्या फांदीची गाठ असलेला.

पहिल्या काही टोल्यांत खुकरी छान शिरली, दीड-दोन इंच. मग पाठ लाकडाच्या पातळीखाली गेली. आता टोला मारायला जागा उरली ती फक्त पलीकडे बाहेर आलेल्या टोकावर. सरळ पात्याच्या सुरीत हे टोक आडवं बाहेर येतं, त्यावर टोला बसतो. खुकरीचं टोक खाली उतरतं झुकलेलं असतं. दंडुका त्या उतारावरून पुढे निसटला. दुसऱ्या टोल्याला टोक खाली दबलं आणि मूठ उसळून वर आली, कारण पातं लाकडात मध्यावर अडकलेलं, एका टोकाला टोला, दुसऱ्या टोकाला हात. तराजूच्या दांडीसारखा प्रकार झाला. तो सगळा झटका नानांच्या मनगटाला आणि त्या चिकटवलेल्या मुठीला बसला. मग कोणीतरी हातोडी आणली आणि नाना "नको, नको" म्हणेपर्यंत पाठीवर एक ठोका घातला. आवाज बदलला. मूठ आत हलायला लागली होती.

काय बदललं

इथे आम्ही थांबलो. ओंडक्यात रुतलेली खुकरी सोडवणं हे पहिलं काम. अशा वेळी पातं डावी-उजवीकडे हलवून काढायचा मोह होतो. कडक धारेला बाजूनं आलेला पीळ अजिबात सोसत नाही, मोठा टवका तिथेच उडतो. मी अंजनाच्या मेढीची मोडलेली टोकदार ढलपी शोधली, कोयत्यानं तिची दोन्ही अंगं तासून वीतभर लांबीची पाचर केली आणि खुकरीच्या शेजारीच, त्याच फटीत बसवली. दंडुक्याचे तीन-चार टोले घातले. फट बोटभर उघडली आणि खुकरी आपोआप सैल झाली, दोन बोटांनी उचलून काढता आली. पाचर पुढे ठोकत गेलो तर करकर आवाज करत ओंडका गाठीच्या बाजूनं फाकत गेला. दुसरी पाचर खाली बाजूला भेगेत घातली आणि दोन फाळके झाले. आतलं लाकूड तांबूस, पूर्ण कोरडं.

या प्रकरणातून मला सांगायची गोष्ट हीच आहे. वाकड्या पात्याकडून फक्त फट पाडून घ्यावी. फोडायचं काम पाचरीचं. पातं लाकडाच्या तळापर्यंत उतरवण्याचा हट्ट सोडला की टोकावर टोले मारायची वेळच येत नाही, आणि टोकावर टोला पडला नाही की वाकड्या पात्याची निम्मी कुरकुर मिटते. लाकडाचे तंतू उभे असतात. एकदा चीर सुरू झाली की ती पात्याच्या धारेपुढे आपण पळते, तिथे धारेचं काही काम नसतं. फट रुंदावणारी जाडी तेवढी लागते. मग ती जाडी महागाच्या पोलादाची का असावी? अंजनाची ढलपी फुकट मिळते, फुटली तर दुसरी करता येते.

त्यानंतरचं काम मी सागाच्या कड्यांवर आणि बाभळीच्या मनगटाएवढ्या फांद्यांवर केलं. साग सरळ रेघेत फुटतो, त्याला एक-दोन टोले पुरतात. जुन्या कडीत खिळे असतात मात्र. प्रत्येक तुकडा हात फिरवून, टॉर्च मारून पाहिला. गंजाचा काळा डाग दिसला की तो तुकडा बाजूला.

बसण्याची रीत तपशिलात सांगतो, कारण वाकड्या पात्यात खरा फरक इथेच पडतो. खाली बाभळीचा रुंद ओंडका, दगड नाही. मी गुडघे टेकून. फोडायचा तुकडा वीत-दीड वीत लांबीचा, ओंडक्याच्या मध्यावर नव्हे तर माझ्या उजव्या हाताकडच्या कडेला उभा. कारण असं: खुकरीचा पुढचा भाग खाली झुकलेला. तो तुकड्याच्या तोंडावर आडवा बसवायचा म्हणजे मूठ खाली न्यावी लागते, तुकड्याच्या तोंडापेक्षा बरीच खाली. पातं उतरत गेलं की मूठही उतरते आणि तुकडा ओंडक्याच्या मध्यावर असेल तर बोटांची पेरं ओंडक्यावर चेचली जातात. तुकडा कडेला असला की मूठ धरलेला हात हवेत राहतो.

धार ठेवायची ती तोंडावरच्या आधीच्या भेगेवर, भेगेच्या दिशेनं. आडवी ठेवली तर निम्मी ताकद वाया. धारेचा सर्वांत फुगीर भाग तुकड्याच्या बरोबर मध्यावर. आधी एक हलका टोला, पातं जागेवर बसण्यापुरता. मग टोला पडायचा तो तुकड्याच्या बरोबर वर, पाठीवर, पात्याला काटकोनात. मूठ घट्ट आवळायची नाही, दिशा देण्यापुरती धरायची. आवळली की टोल्याचा सगळा धक्का मनगट खातं आणि मुठीचा सांधाही. पाठ बुडायच्या आत चीर खालपर्यंत गेली नाही तर थांबायचं आणि पाचर घालायची. एवढं पाळलं आणि खिळखिळ्या मुठीनंही ती खुकरी शेवटपर्यंत टिकली.

फोडायचं ते निम्म्यात निम्मं. मनगटाएवढ्याचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. कडेची पातळ ढलपी एकदम काढायला गेलं की चीर खाली जाता जाता पातळ बाजूकडे वळते आणि अर्ध्यातच बाहेर पडते. दोन्ही बाजूंना सारखं लाकूड असलं तर चीर मध्यावर राहते. शेवटच्या बारीक काड्यांसाठी मी टोले बंद केले. तुकड्याच्या तोंडात धार हलकेच रोवली, तुकडा आणि पातं दोन्ही एकत्र उचलून ओंडक्यावर हळू टेकवली आणि पातं किंचित कलतं केलं, की काडी सुटते. बोटाएवढ्या लाकडाला हा हलका पीळ चालतो, जाड लाकडाला चालत नाही. पुतण्यानं आपटलं तेव्हा हातात पाच इंचांचं लाकूड होतं, हा फरक लक्षात घ्यावा.

दंडुका बाभळीच्या ओल्या फांदीचा घेतला, कोपरापासून मनगटाएवढा लांब. ओलं लाकूड टोल्यानं फुटत नाही, चेचतं. हातोडी किंवा दगड पाठीवर कधीही मारू नये. पोलादावर पोलाद आदळलं की पाठीच्या कडा मुरडतात, शिवाय उडणारी कचर डोळ्यात जाण्याची भीती.

कोयताही नंतर वापरून पाहिला, कारण मळ्यामळ्यावर असतो तो कोयताच. त्याची अडचण वेगळी. चोच तुकड्याच्या पलीकडे खाली लोंबते आणि पातं थोडं उतरलं की ती आधी खालच्या ओंडक्याला टेकते, पुढे पातं जातच नाही. तुकडा समोरच्या कडेला ठेवला तर चोच बाहेर हवेत राहते. कोयत्याचा मुठीजवळचा सरळ भागच फक्त फोडायला वापरायचा, तुकडा तीन बोटांपेक्षा जाड घ्यायचा नाही, पाचर आधीपासून हाताशी ठेवायची. एवढ्या मर्यादेत तो सागाला चांगला चालला. बाभळीत दर वेळी अडकला.

पेटवणं मग अवघड राहिलं नाही. सागाच्या गाभ्याच्या ढलप्या धारेनं कातरून त्यांचा कीस केला, त्यावर काडीपेटीतल्या काडीएवढ्या बारीक काड्या, मग बोटाएवढ्या. ओल्या पऱ्हाट्या जाळाभोवती उभ्या करून शेकत ठेवल्या. तासाभरात त्याही तडतडायला लागल्या आणि पुढची वांगी पऱ्हाट्यांवरच भाजली. लाकडी बडजीत ठेचा-लसणासकट भरीत कुटलं जाईपर्यंत उशीर झाला होता. कळण्याच्या पुऱ्या गार झाल्या, कोणी तक्रार केली नाही.

मळा होता म्हणून

हा सगळा उद्योग खासगी मळ्यात चालला. अनेरच्या वरच्या अंगाला सातपुड्याची रानं आणि अभयारण्य लागतं, तिथे हे करता येत नाही. राखीव जंगलात आग पेटवणं आणि लाकूड तोडणं भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला किंवा पेटती सोडून जायला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३० नं मनाई आहे. सातपुड्यात फेब्रुवारीनंतर पालापाचोळा कसा पेटतो ते ज्यानं पाहिलं आहे, त्याला कायदा सांगायची गरज पडू नये. तोरणमाळकडे किंवा यावलच्या बाजूला फिरायला जाणाऱ्यांनी स्टोव्ह न्यावा.

दुसरी गोष्ट हत्याराची. शस्त्र नियमांप्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी शस्त्रात मोडते, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली असेल तर सोडून. कोयता शेतीचा, त्याला शेतात कोणी हटकत नाही. ११ इंचांची खुकरी पिशवीत घालून एसटीनं फिरणं ही निराळी बाब आहे. नानांनाही आम्ही हे सांगितलं. सहलीला जायचं तर खुकरी घरी आणि लहान, जाड पाठीची सुरी सोबत, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. चार-पाच इंचांचं पातं आणि दोन पाचरी एवढ्यावर मनगटाएवढं लाकूड आरामात फुटतं.

काम चालू असताना बाकीच्यांना लांब ठेवणं हेही तितकंच महत्त्वाचं. हात आणि पातं मिळून जेवढी लांबी होते, तेवढ्या घेरात कोणी येता कामा नये, लहान मुलं तर मुळीच नाही. आम्ही मुलांना फोडलेल्या काड्या जाडीप्रमाणे लावायचं काम दिलं आणि ती चुलीच्या पलीकडच्या अंगाला बसली. फोडणाऱ्याला अंधारात पुरेसा उजेडही हवा. मोटारसायकलचा दिवा पाठीमागून लावला तेव्हा माझीच सावली तुकड्यावर पडत होती. बाजूनं लावला तेव्हा धार आणि भेग दोन्ही दिसायला लागल्या.

सकाळी तपासल्यावर

कोयत्याचा टवका धारेच्या कडेपुरताच होता, आत तडा गेलेला नव्हता. कानशीनं आजूबाजूची धार त्या पातळीला उतरवली आणि दगडावर घासली, प्रश्न संपला. खुकरीची धार आश्चर्य वाटावं इतकी शाबूत होती. पोटाच्या भागात थोडी मुरडली होती, तीही दगडावर सरळ झाली. पाठीवर लाकडी दंडुक्याचे टोले इतके पडूनही खूण नाही. खूण होती एकच, त्या हातोडीच्या ठोक्याची: अर्ध्या नखाएवढी खोलगट जागा आणि बाजूला मुरडलेली कड.

मूठ मात्र गेली होती. खुकरी शिरपूरच्या बाजारातल्या लोहारदादांकडे नेली. त्यांनी मूठ तापवली तसा आतला चिकट पदार्थ मऊ झाला आणि शेपटी सरळ बाहेर आली. ती जेमतेम करंगळीएवढी जाड, तीही मुठीच्या अर्ध्यापर्यंतच गेलेली. दादांनी पातं उलटंसुलटं पाहिलं, कानाजवळ धरून नखानं टिचकी मारली, वाजतं का ते ऐकलं. पात्यात तडा नाही म्हणाले. शेपटी लांब करायची तर जोड द्यावा लागेल आणि जोडाच्या उष्णतेनं मुठीजवळचं पाणी उतरेल, म्हणजे कडकपणा जाईल, म्हणून त्यांनी ते टाळायला सांगितलं. आहे त्याच शेपटीवर नवी मूठ बसवून दिली आणि बजावलं: तोडायला वापरा, पाठीवर ठोकू नका.

नानांनी ते मान्य केलं. मळ्यावरच्या कुऱ्हाडीला त्याच आठवड्यात धावड्याचा नवा दांडा बसला. अंजनाच्या त्या मेढीतून मी आणखी चार पाचरी काढल्या, दोन वीतभर, दोन बोटभर. टोल्याच्या बाजूच्या कडा कानशीनं गोल केल्या, म्हणजे ठोकताना तिथून ढलप्या उडत नाहीत. त्या आता कोयत्याशेजारी गोठ्याच्या खुंटीला टांगलेल्या असतात, आणि जिभाऊंचा पुतण्या चुलीचं जळण त्यांनीच फोडतो.